फोटोतला हात

फोटो तीन कॉलमी होता. जिल्हा आवृत्तीचे तिसरे पान, घडीच्या वर. खालची ओळ अशी : ‘जालना : खंडेनवमीनिमित्त महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील आधुनिक यंत्राचे पूजन करताना संस्थेचे अध्यक्ष. सोबत प्रा. वत्सला खरात.’

ही ओळ मी लिहिली. तिच्यात दोन चुका आहेत. ज्याचे पूजन झाले ते यंत्र नव्हते. आणि प्रा. खरात सोबत नव्हत्या.

फोटोत अध्यक्ष मधोमध आहेत, हातात तबक. समोर काळ्या रंगाची पत्र्याची पेटी, झाकण उघडे. उजव्या कडेने एक हात आत आलेला दिसतो. बोटे पसरलेली, तळवा खाली. हातामागे अर्धा चेहरा आणि चष्म्याच्या काचेवर फ्लॅशचा पांढरा डाग. पाहणाऱ्याला वाटते, बाई फुले वाहत आहेत. त्या झाकण लावायला धावल्या होत्या.

वत्सला खरात जालन्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. महाविद्यालयाचे नाव इथे देत नाही. तेव्हाचे अध्यक्ष आता नाहीत, संस्था आहे. सगळे त्यांना खरात मॅडम म्हणत. बांधा ठेंगणा, चालणे भरभर, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जेमतेम पोचणारा. राग आला की आवाज आणखी खाली येई आणि त्या तीन प्रश्न विचारत. "कधी? कुठं? तुम्ही स्वतः पाह्यलं का?" नव्या बातमीदारांना शिकवण्याचे काम पुढे माझ्याकडे आले. या तीन प्रश्नांपलीकडे त्यांना सांगण्यासारखे फारसे काही सापडले नाही.

त्यांच्या प्रयोगशाळेत खडूला बंदी होती. खडूची भुकटी उडते आणि कुठे जाऊन बसेल ते सांगता येत नाही, म्हणून. फळ्याऐवजी भिंतीवर कॅलेंडरांचे कोरे पाठ लावलेले असत आणि त्यावर त्या स्केचपेनने लिहीत. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या मोठाली कॅलेंडरे वाटतात. दर जानेवारीत विद्यार्थी मागच्या वर्षीची गोळा करून आणत. कागद उलटला की कपाशीचे बोंड, नाहीतर भेंडी. "मॅडमच्या लॅबमधी एका अंगानं भेंडी अन् दुसऱ्या अंगानं फिजिक्स," असे मुले म्हणत.

चपला बाहेर. हा नियम प्राचार्यांनाही होता. एकदा विद्यापीठाची तपासणी समिती आली. समितीतले एक गृहस्थ उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "बूट काढायला हे काय देऊळ आहे का?"

मॅडम म्हणाल्या, "देवळात चप्पल काढून पाय तसेच नेता येतात, सर. इथं पाय पण पुसायचे. फडकं तिथं हाय."

गृहस्थांनी पाय पुसले. अहवालात त्यांनी काय लिहिले ते मला माहीत नाही.

मॅडमचे मूळ गाव मंठ्याकडचे, पण बालपण एका साखर कारखान्याच्या वसाहतीत गेले. वडील उसाच्या रसाचे नमुने प्रयोगशाळेत पोचवत. पुढे ते तासातासाची नोंदही करू लागले. एकदा एका तासाचा नमुना राहून गेला. शेजारच्या माणसाने सुचवले की मागचाच आकडा लिहून टाक, रसात एवढा काय फरक पडणार. वडिलांनी रकाना कोरा ठेवला आणि साहेबांना जाऊन तसे सांगितले. साहेबांनी कोऱ्या रकान्याशेजारी सही केली. मॅडम ही गोष्ट दर वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला सांगत आणि शेवटी म्हणत, "जे दिसलं ते लिहा. दिसलं न्हाई तर जागा सोडा. काय दिसायला पाहिजे होतं ते लिहायला तुम्हाला कोणी बोलावलं न्हाई."

वहीत खोडरबर चालत नसे. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचे वाचता येईल अशी. वर बरोबर आकडा, शेजारी वेळ.

माझी त्यांची ओळखही अशा रेघांतूनच झाली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या कामाची अर्ध्या कॉलमची बातमी मी दिली. मथळा होता ‘जालन्यात सूक्ष्म कणांचा शोध’. चौथ्या दिवशी टपालाने माझेच कात्रण परत आले. चौदा दुरुस्त्या, चौदा रेघा. मथळ्यातल्या ‘शोध’वर रेघ आणि वर ‘मोजमाप’. मी भेटायला गेलो. चपला काढल्या, पाय पुसले.

त्यांनी मला काम समजावून सांगितले ते असे. "ज्वारी उभी हाय समजा. डुक्कर आल्तं अन् गेलं. तुम्ही डुक्कर पाह्यलं न्हाई. पण सकाळी पहिल्या तासात, म्हणजे ओळीत, कोणतं ताट मोडलं, दुसऱ्या तासात कोणतं, तिसऱ्यात कोणतं, हे पाह्यलं की वाट बराबर निघते का न्हाई?"

"निघते."

"तसंच हे. मोठ्या प्रयोगात कणांची टक्कर करतात. त्यातून विद्युतभार असलेले कण उधळतात. ते दिसत न्हाईत. त्यांच्या वाटेत सिलिकॉनचे पातळ तुकडे एकामागं एक उभे करायचे. एकेका तुकड्यावर हजारो बारीक चौकोन. कण ज्या चौकोनातून गेला, तेवढाच चौकोन बोलतो. बाकीचे गप. मंग वाट काढा."

"आणि तुम्ही काय करता?"

"कोणता चौकोन उगाच बोलतो, ते शोधून राह्यले. कण गेलाच न्हाई तरी बोलणारा. तसले लई असतात. चौकोनांत पण, माणसांत पण."

या चौकोनांना पिक्सेल म्हणतात, हे त्यांनी शेवटी सांगितले. आधी सांगितले असते तर तुम्ही तेवढेच लिहून घेऊन गेला असता, असेही म्हणाल्या.

तुकडे एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेचे होते. परदेशातल्या एका प्रयोगासाठी असे तुकडे इथेच घडवायचे, असा संस्थेचा प्रकल्प होता. घडवणे संस्थेत, मोजण्याचे वेळखाऊ काम काही महाविद्यालयांत वाटले होते. मॅडम एका उन्हाळी शिबिराला तिथे गेल्या होत्या आणि त्यांनी सहा तुकडे मागून आणले. नखाएवढे सहा तुकडे, सहा डब्या, सगळ्या एका स्टीलच्या डब्यात. एसटीच्या प्रवासात डबा मांडीवरून हलला नाही. वाटेत कंडक्टर म्हणाला, "बाई, ठेवा की खाली. अंडे हायेत का काय?"

"अंडं फुटलं तर कळतं, दादा. हे फुटलं तर कळत पण न्हाई."

जालन्यात खरी अडचण विजेची होती. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या भट्ट्या सुरू झाल्या की शहरभर दिवे मिचकत. मॅडमना मोजायचा होता अब्जांश अँपिअरमधला प्रवाह. दिवा मिचकला की मीटरचा काटा उडे. पंधरा दिवस त्यांनी काट्याच्या उड्या घड्याळ लावून लिहिल्या. मग मंठा रोडवरच्या एका गॅरेजात गेल्या आणि युनूसभाईंकडे ट्रकच्या नऊ बॅटऱ्या मागितल्या.

"मॅडम, नऊ बॅटऱ्यांची गाडी अपन ने आजतक देखी नहीं."

"गाडी न्हाई. एवढासा तुकडा हाय, नखाएवढा."

"नाखून को नौ बॅटरी?"

"हां. उलट्या लावायच्या. त्याच्यातून करंट जाऊ नये म्हणून."

युनूसभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "जाऊ नये म्हणून लावायच्या?"

"जाऊ नये म्हणून लावायच्या. अन् तरी किती जातो ते मोजायचं."

"काम बिलकुल समझ में नहीं आया," युनूसभाई म्हणाले, "पण बॅटऱ्या घेऊन जा." पुढे दर महिन्याला ते स्वतः येऊन बॅटऱ्यांत पाणी घालून जात. पाय पुसून.

एका बॅटरीचे बारा व्होल्ट. एकेक जोडत बारा-बाराने चढायचे. पेटी आतून काळ्या मखमलीने मढवलेली, कारण उजेड पडला की सिलिकॉन बोलू लागते. तळाशी निळे दाणे. बियाण्यांच्या कारखान्यांत ओल धरू नये म्हणून वापरतात तेच. ओल लागली की ते गुलाबी होतात. प्रत्येक आकड्याशेजारी दाण्यांचा रंगही वहीत लिहिला जाई.

संशोधन संस्थेच्या सूचनापत्रात लिहिले होते की साठ व्होल्टपर्यंत मोजावे. म्हणजे पाच बॅटऱ्या. बाकी महाविद्यालयांनी पाचपर्यंत मोजले आणि सर्व ठीक असे कळवले. मॅडम नऊपर्यंत गेल्या. का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "नऊ आणल्या होत्या, मंग नऊ लावल्या." मग गंभीर होऊन खरे कारण सांगितले. प्रयोगात हे तुकडे वर्षानुवर्षे कणांचा मारा खातात आणि झिजतात. झिजले की तेच काम करून घ्यायला जास्त व्होल्ट द्यावे लागतात. आज पाच बॅटऱ्या पुरतात. चार-पाच वर्षांनी सात लागतील.

आणि सातव्या बॅटरीला तुकड्यांचे कोपरे फुटत होते. म्हणजे तडकत नव्हते. मधले चौकोन शांत असताना चारही कोपऱ्यांतून प्रवाह एकदम उसळत होता. सहाही तुकड्यांत, चोवीसच्या चोवीस कोपऱ्यांत. "सातवी लावली की कोपरा बोंबलतो," हे त्यांचे शब्द. त्यांच्या मते कारण साधे होते. कोपरे काटकोनी ठेवले होते आणि टोकाशी विजेचा दाब एकवटत होता. कोपरे गोल करा, एवढेच त्यांचे म्हणणे.

त्यांनी ते संशोधन संस्थेला लिहून कळवले. पत्र रजिस्टर्ड होते. पोच आली, ती वहीत चिकटवली. उत्तर आले नाही. हे खंडेनवमीच्या तीन आठवडे आधीचे.

आता खंडेनवमी.

प्रयोगशाळेचे शिपाई नामदेव मामा दर वर्षी अवजारांची पूजा करत. तराजू, लेथ, करवत यांना हळदकुंकू आणि झेंडूचे फूल. मॅडम बौद्ध, त्या पूजेत नसत. पण मामांना कधी अडवले नाही. दोघांत ठरलेले होते. बाहेरच्या खोलीतले टेबल मामांचे, आतली खोली मॅडमची.

त्या वर्षी अध्यक्षांना आतली खोली हवी होती. आपल्या महाविद्यालयात काहीतरी मोठे आले आहे, हे त्यांनी माझ्याच बातमीत वाचले होते. ते चार माणसे, तबक आणि आमचा फोटोग्राफर घेऊन आले. मी होतो. मॅडम वरच्या मजल्यावर वर्ग घेत होत्या.

मामा म्हणाले, "साहेब, आतलं न्हाई पूजत आपण. मॅडमचं हाय ते."

"मॅडमचं कसं? संस्थेचं हाय," अध्यक्ष म्हणाले आणि आत गेले. चपला काढल्या होत्या. पूजा होती म्हणून. पेटीची कडी त्यांनी स्वतः काढली.

मामा वर धावले असावेत, कारण मॅडम आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. तोवर कुंकवाची चिमूट पेटीत पडली होती. त्या म्हणाल्या, "झाकण लावा."

"एक मिनिट मॅडम, फोटो होऊ द्या."

"झाकण लावा साहेब, पावडर पडून राह्यली."

अध्यक्ष समजूतदार आवाजात बोलले. त्यांना तो आवाज चांगला जमे. "मॅडम, तुमचा धर्म वेगळा हाय, आम्हाला मान्य हाय. तुम्ही हात जोडू नका. पण आमच्या श्रद्धेच्या आडवं येऊ नका."

"मी धर्माचं बोलून न्हाई राह्यले. मी पावडरीचं बोलून राह्यले."

"तेच ते," कोणीतरी मागून म्हणाले. दोघेतिघे हसले.

मॅडमनी हात पुढे केला. फ्लॅश उडाला.

मी दारात उभा होतो. वहीत उपस्थितांची नावे लिहीत होतो.

पेटीत एक तुकडा होता. बाकीचे पाच कुलपात, कपाटात. मंडळी गेल्यावर मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला. कुंकवाचे कण डाव्या बाजूला पसरले होते, एकेक कण दोन चौकोनांच्या मधोमध बसलेला. मामा दारात रडत होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "मामा, तुम्ही न्हाई केलं. तुम्ही सांगितलं होतं. मी विसरणार न्हाई." मामांवर त्या कधी रागावल्या नाहीत. आपल्या रागाचा पत्ता त्यांना नेमका माहीत होता.

संध्याकाळी मी ओळ लिहिली. ‘सोबत’ हा शब्द लिहायला मला काही क्षणही लागले नाहीत. फोटोखाली जे घडले ते लिहायचे नसते, जे खपते ते लिहायचे असते, हे तोवर माझ्या अंगवळणी पडले होते.

फोटो छापून आला त्या दिवशी दुपारी मॅडम आमच्या कार्यालयात आल्या. बसल्या नाहीत. एक कागद टेबलावर ठेवला. त्यावर त्यांच्या अक्षरात एकच वाक्य होते : ‘काल प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रात प्रा. खरात पूजनात सहभागी नसून पेटी उघडण्यास विरोध करीत होत्या.’ ‘काल’ त्यांनी उद्याच्या अंकाच्या हिशेबाने लिहिले होते.

"हे छापा."

"मॅडम, फोटोच्या ओळीचा खुलासा कोणी छापत न्हाई."

"तुम्ही तिथं होते का न्हाई?"

"होतो."

"स्वतः पाह्यलं?"

"पाह्यलं."

"मंग? पेपरात चूक झाली तर तुम्ही काय करता?"

"दुसऱ्या दिवशीचा पेपर काढतो," मी म्हणालो. हे मी विनोदाने म्हणालो होतो.

त्यांचा आवाज खाली आला. "आम्ही चुकलो की रेघ मारतो. खालचं दिसलं पाहिजे अशी. तुमच्याकडं रेघच न्हाई."

कागद मी आवृत्तीप्रमुखांकडे नेला. ते म्हणाले, "अध्यक्ष आपल्याला मानतात. कशाला उगाच." कागद ड्रॉवरमध्ये गेला. पुढे कार्यालय दुसऱ्या इमारतीत गेले तेव्हा ड्रॉवर रिकामे केले गेले.

यानंतर जे झाले ते कोणी कट करून केलेले नाही. कट असता तर निदान सांगायला एक माणूस असता. अध्यक्षांना फोटो आवडला. त्यांनी कात्रण संस्थेच्या कागदाला जोडून संशोधन संस्थेकडे धाडले. सोबत आभाराचे पत्र, आणि अशी आणखी यंत्रे आमच्या भागाला मिळावीत अशी विनंती. त्यांना खरोखर अभिमान वाटत होता. कात्रण प्रकल्पप्रमुखांच्या टेबलावर गेले. मॅडमचे रजिस्टर्ड पत्र जिथे पोचले नव्हते, तिथे ते आठवड्यात पोचले.

मॅडमना बोलावणे आले. त्या वही घेऊन गेल्या. तिथले बोलणे त्यांनी मला नंतर शब्दशः सांगितले आणि मी त्यांच्या शब्दांवर विश्वास ठेवतो.

प्रकल्पप्रमुखांनी कात्रण पुढे सरकवले. "मॅडम, श्रद्धा ज्याची त्याची. पण डिटेक्टरवर कुंकू? तुम्ही स्वतः फुले वाहताय इथे."

"मी झाकण लावून राह्यले त्याच्यात."

"खाली ‘सोबत’ लिहिले आहे."

"लिहिणारा चुकला. सर, हा एक तुकडा. बाकी पाच कपाटात होते. आकडे त्याच्या आधीचे हायेत. तारीख पाहा, वेळ पाहा, दाण्यांचा रंग पाहा. सातव्या बॅटरीला..."

"बॅटरी?"

"ट्रकच्या बॅटऱ्या. बारा-बारा व्होल्ट."

तिथे बसलेला एक तरुण संशोधक हसला. प्रकल्पप्रमुखांनी त्याला डोळ्यांनी गप्प केले. मग ते सौम्यपणे म्हणाले, "तुमची मेहनत दिसते. पण अशा वातावरणातली मोजमापे आम्हाला धरता येणार नाहीत. बाकी सगळ्या महाविद्यालयांचे निकाल चांगले आहेत."

"त्यांनी पाचपर्यंतच मोजलं."

"सूचना तशीच होती."

वही उघडली गेली नाही. पाच तुकडे परत मागवण्यात आले. सहाव्यावर ‘निकामी’ असा शेरा पडला आणि तो तुमच्याकडेच राहू द्या, असे सांगण्यात आले.

जालन्यातल्या खोलीत ही बाई पूजेला अडवते, कारण ती बौद्ध आहे, असे ठरले. शहरातल्या खोलीत ही बाई उपकरणांची पूजा करते, कारण ती जालन्याची आहे, असे ठरले. दोन्ही खोल्यांतली माणसे शिकलेली होती आणि तिच्याशी सौम्यपणे बोलत होती. सातव्या बॅटरीला काय होते, हे दोन्हीकडे कोणी विचारले नाही. खोली पहिली असो वा दुसरी, पुरावा एकच होता, आणि तो माझ्या वृत्तपत्राने छापलेला होता.

तीन वर्षांनी मॅडमनी मला एका शोधनिबंधाची झेरॉक्स दाखवली. त्याच प्रकल्पाचा. तुकड्यांवर कणांचा मारा करून पाहिला. पुढे व्होल्ट वाढवल्यावर कोपऱ्यांतून प्रवाह उसळला. नव्या रचनेत कोपरे गोल केले आहेत आणि आता त्रास नाही. आकृती सुबक होती. शेवटी आभारांची यादी. मॅडमनी त्यातल्या एका नावाखाली नख ठेवले. अखंड वीजपुरवठ्याबद्दल संस्थेच्या विद्युत विभागाचे आभार.

"लाइटीचे आभार मानले," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना तसे हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते. पुन्हा पाहावे असे ते हसणे नव्हते.

"तुम्ही त्यांना लिहा," मी म्हणालो.

"लिहिलं. रजिस्टर्ड."

"मग?"

"पोच आली."

हा राग पुढे निवला, असे काही लोक सांगतात. निवृत्तीच्या सुमारास त्यांच्यावर एक गौरवलेख आला. त्यात त्यांनी सारे ‘मोठ्या मनाने विसरले’ असे लिहिले आहे. लेखकाने त्यांना विचारलेले दिसत नाही. त्या विसरल्या नव्हत्या. त्या दर वर्षी मोजत होत्या.

हे मला निवृत्तीआधीच्या खंडेनवमीला कळले. गौरवसमारंभाची बातमी घ्यायला गेलो होतो. प्रयोगशाळेबाहेर एका स्टुलावर बिघडलेला जुना व्होल्टमीटर होता, हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचे फूल. मामा शेजारी बसले होते. "हा पूजेचा," ते म्हणाले. "मॅडमनंच काढून दिला. दर साली याचीच पूजा."

मी पाय पुसून आत गेलो. नऊ बॅटऱ्या भिंतीशी ओळीने होत्या. पेटी बंद होती. मॅडमनी मला बसायला सांगितले आणि मीटर माझ्याकडे वळवला.

"तुम्ही वाचा. मी काही सांगणार न्हाई."

"आत काय आहे?"

"सहावा. निकामी. कुंकू झटकलं तेवढं निघालं, बाकीचं हाय तसंच हाय. कुंकू डाव्या अंगाला पडलं. मोजायची सुई उजव्या कोपऱ्यावर ठेवली हाय." त्यांनी पहिली बॅटरी जोडली. "काटा?"

"हलला नाही."

दुसरी. तिसरी. पाचवीला काटा किंचित सरकला. सहावीला तिथेच होता. त्यांनी सातवीची तार हातात घेतली, माझ्याकडे न पाहता जोडली. काटा उसळून टोकाला गेला आणि तिथे थरथरत राहिला.

"काय दिसलं?"

मी सांगितले.

"मला कशाला सांगता? लिहा."

वही त्यांनी पुढे केली. त्या दिवसाच्या रकान्यांत मी पहिले सहा आकडे लिहिले. सातव्यासमोर लिहिले, काटा पट्टीबाहेर. दाण्यांचा रंग विचारला. "खिडकीतून पाहा," त्या म्हणाल्या. पेटीच्या बुडाशी काचेची एक फट होती, काळ्या कापडाने झाकलेली. तार काढून त्यांनी कापड उचलले. दाणे निळे होते. मी निळा लिहिले. वेळ लिहिली. सही केली.

मग त्यांनी वहीची पाने मागे उलटली. बरीच मागे. एका पानावर तो फोटो चिकटवलेला होता, कडा पिवळ्या पडलेल्या. खालच्या ओळीत ‘सोबत’ या शब्दावर एक आडवी रेघ होती, खालचे वाचता येईल अशी. रेघेच्या वर काहीच लिहिलेले नव्हते.

"अकरा वर्षं जागा सोडली हाय," मॅडम म्हणाल्या. "रेघ मी मारली. वरचा शब्द तुमचा हाय. तुम्ही पाह्यलं होतं."

मी त्यांच्याच पेनने लिहिले : ‘अडवताना’. शेजारी वेळ घातली. त्यांनी चष्मा वर करून ते वाचले, एकदा, मग पुन्हा एकदा. 

बाहेर समारंभाच्या माइकची तपासणी सुरू झाली होती. कोणीतरी त्यांचे नाव पुकारत होते. मी उठलो. त्यांनी हात पुढे केला, फोटोत होता तसाच, बोटे पसरलेली. फक्त तळवा वर होता. त्यांना पेन परत हवे होते. आठवी बॅटरी राहिली होती.